फुलाकडे सगळ्यात शेवटी बघा: रस्त्याकडेचे पाम आणि फुलझाडं ओळखायची रीत

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की तेच फोटो फिरायला लागतात. मुंबईचा पूर्व द्रुतगती मार्ग, विक्रोळी-घाटकोपरचा पट्टा आणि रस्त्याच्या कडेला गुलाबी फुलांनी गच्च लगडलेली झाडं. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की आता जपानला जायला नको, चेरी ब्लॉसम मुंबईतच आलंय.

झाडं खरी आहेत, फुलंही खरी आहेत, पण ती चेरी नाही. जपानी चेरीला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती मुंबईत कुठून मिळणार? भारतातली चेरी बघायची असेल तर शिलाँगला जावं, तिथली डोंगरी रानचेरी नोव्हेंबरात फुलते. विक्रोळीचं झाड आहे टबेबुया. मराठीत त्याला बसंत राणी हे छान नाव मिळालंय. ते मूळचं मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचं, आणि एल साल्वाडोर या देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. गंमत म्हणजे त्याच दिवसांत कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंपणाची उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, फिकट गुलाबी फुलते आणि तिच्याही फोटोखाली 'चेरी' लिहिलेलं असतं.

चूक का होते, हे सरळ आहे. आपण झाडाचा फक्त रंग बघतो. पण फूल हा दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा. वर्षातले उरलेले अकरा महिने झाड त्याच जागी, त्याच पानांनिशी, त्याच शेंगांनिशी उभं असतं. म्हणून झाडांची ओळख करून घ्यायची असेल तर क्रम उलटा करावा: आधी पान, मग खोड, मग शेंग किंवा फळ आणि फूल सगळ्यात शेवटी. गेली काही वर्षं मी सोसायटीतल्या मुलांना घेऊन रविवारी सकाळी झाडं बघायला जाते. या एका उलट क्रमाने आठ वर्षांची मुलं मोठ्यांच्या पुढे जातात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

पान नेमकं कुठून सुरू होतं?

गुलमोहराचं एक पान तोडून दाखव म्हटलं, तर बहुतेक जण बारीकशी हिरवी टिकली तोडून हातात देतात. ते पान नव्हे, पानाचा तुकडा आहे. त्याला पर्णिका म्हणतात. अशा शेकडो पर्णिका मिळून हातभर लांबीचं एक पान होतं आणि त्याला म्हणायचं संयुक्त पान. ज्याचे असे तुकडे झालेले नाहीत, ते साधं पान. आंबा, वड, पिंपळ ही साध्या पानांची झाडं.

पान कुठलं आणि पर्णिका कुठली, हे कसं कळायचं? जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आत खोल्या वीस असोत की पन्नास, रस्त्यावर उघडणारा दिंडीदरवाजा एकच. पानाचंही तसंच. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे, बगलेत, एक बारीकसा डोळा असतो. पुढची फांदी किंवा फूल तिथूनच फुटतं. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा कधीच नसतो. डोळा सापडला की तिथून पुढे जे काही आहे ते सगळं मिळून एक पान.

ही खूण हातात आली की अर्धं काम झालं.

सातवीण घ्या, म्हणजे सप्तपर्णी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी जिचा उग्र वास अख्ख्या गल्लीत भरून राहतो, ती. सात पानांचा झुबका बघून वाटतं की हे एकच पान सात भागांत चिरलेलं आहे. पण नीट बघा, ती सात वेगवेगळी साधी पानं एकाच पेरावर गोल बसलेली आहेत. आता काटेसावर बघा. तिथेही पाच ते सात पानं बोटांसारखी पसरलेली दिसतात, पण ती सगळी एका लांब देठाच्या टोकावर आहेत आणि डोळा फक्त त्या देठाच्या बुडाशी. म्हणजे सावरीचं ते एकच पान. दिसायला सारखी, घडणीत अगदी वेगळी.

विक्रोळीची बसंत राणी, फुलं नसताना

बसंत राणीचं पानही सावरीसारखंच पंजाचं, बहुधा पाच बोटांचं, मधलं बोट सगळ्यांत मोठं. मग सावर आणि ती वेगळी कशी ओळखायची? पानं फांदीवर कशी बसली आहेत ते बघा. बसंत राणीची पानं समोरासमोर जोडीने येतात, सावरीची एक इकडे, एक तिकडे अशी. शिवाय कोवळ्या सावरीच्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात, बसंत राणीचं खोड बिनकाट्याचं. फुलं येतात तेव्हा दोन्ही झाडं जवळजवळ निष्पर्ण असतात, म्हणून त्या दिवसांत झाडाकडे नव्हे, झाडाखाली बघावं. गेल्या हंगामाचं एखादं सुकलेलं पान हमखास सापडतं.

पंजा पाचाचा, तसा तिनाचाही असतो. पळसाला पाने तीन हे आपण बोलता बोलता म्हणतो, पण पांगाऱ्यालाही तीनच. दोघांचीही फुलं भडक, दोघंही उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून फुलतात. पळसाची पानं जाड, चामड्यासारखी, म्हणूनच त्यांच्या पत्रावळी होतात. पांगाऱ्याची पानं मऊ आणि अंगावर काटे.

मोहरांचा गोंधळ

गुलमोहर, सोनमोहर, नीलमोहर. नावं अशी की तिघं सख्खे भाऊ वाटावेत. पहिले दोघं शेंगांच्या कुळातले आहेत, एकमेकांचे लांबचे चुलत. नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, मात्र बसंत राणीच्या कुळातला. घरंही वेगळी: गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहर श्रीलंका आणि आग्नेय आशियाकडचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा.

तिघांची पानं लांबून सारखीच दिसतात, दोनदा चिरलेली, पिसासारखी. जवळ गेलं की फरक कळतो. नीलमोहराची पानं समोरासमोर जोडीने बसतात आणि पर्णिकांची टोकं टोचरी असतात. गुलमोहराच्या पर्णिका गोलसर, पानं एकाआड एक. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर गंजाच्या रंगाची मखमल असते, एकदा पाहिली की विसरत नाही.

शेंगा तर आणखी सोप्या. गुलमोहराची लांब, चपटी, तलवारीसारखी, वाळली की हलवून खुळखुळा करावा अशी. सोनमोहराची बोटभर, तांब्याच्या रंगाची, झुपक्यांनी लटकणारी. नीलमोहराची शेंग शेंगेसारखी नसतेच, ती लहानशा झांजेसारखी गोल चपटी असते. आणि फूल हातात आलंच तर गुलमोहराच्या पाच पाकळ्या मोजा. चार लाल, पाचवीवर पांढऱ्या-पिवळ्या रेघा. मुलांना ही पाचवी पाकळी शोधायला फार आवडते.

पिवळं झाड दिसलं की लोक सोनमोहर आणि बहावा यांत घोटाळा करतात. बहाव्याची फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात, सोनमोहराचे तुरे वर उभे राहतात. बहाव्याचं पान एकदाच चिरलेलं, पर्णिका तळव्याएवढ्या मोठ्या, आणि शेंग काळी, गोल, काठीसारखी. बहावा आपल्या मातीतला आहे.

तसंच ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल, पण ते समोर असूनही न ओळखणारे खूप भेटतात. मे महिन्यात जांभळट, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या, बहुधा सहा. एरवी साधं, मोठं पान आणि वर्षभर फांद्यांवर टिकून राहणारी, सहा फाकांत उकललेली लाकडी बोंडं. पानं गळण्याआधी तांबूस होतात. फुलं नसतानाही ही बोंडं पुरेशी आहेत.

चाफा म्हणजे नक्की कोणता?

इथे भाषेनेच आपल्याला चकवलंय. देवळापुढचा पांढरा चाफा तोडला की पांढरा चीक येतो. तो मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. सोनचाफ्याला चीक नाही, तो मॅग्नोलियाच्या कुळातला, कवठी चाफ्याचा नातेवाईक. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला आणि धड झाडही नाही, आधाराने चढणारा आहे. नागचाफा या सगळ्यांपासून वेगळा. आपल्या पूर्वजांनी बहुधा सुवास बघून नाव दिलं, आणि ते चुकलं असं मी म्हणणार नाही. फक्त त्या नावावरून नातं लावायला जाऊ नये.

अशोकाची गोष्ट मात्र इतकी निरुपद्रवी नाही. शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो उंच, निमुळता, नागमोडी कडांच्या पानांचा 'अशोक' हासुद्धा सीताफळाच्याच कुळातला. खरा सीताअशोक वेगळा आहे. त्याचं पान संयुक्त, कोवळेपणी तांबूस आणि मलूल झाल्यासारखं लोंबणारं, आणि नारिंगी-लाल फुलांचे गेंद थेट जून फांद्यांवर. आयुर्वेदात साल वापरतात ती याची. बाजारात त्या सालीत रांगेतल्या अशोकाची साल मिसळली जाते, ही भेसळ अभ्यासकांना चांगलीच माहीत आहे. सीताअशोक जंगलात आता संकटात आलेलं झाड आहे. साधं पान की संयुक्त, एवढं एक बघितलं तरी दोन्ही अशोक वेगळे होतात.

माड हा वृक्ष आहे का?

आता पामकडे येऊ. नारळ, पोफळ, ताड, शिंदी हे सगळे पामच. २०१६ च्या सुरुवातीला गोव्यात यावरून मोठं वादळ उठलं होतं. सरकारने वृक्षसंरक्षण कायद्यात बदल करून माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळलं. त्याला फांद्या नाहीत, शास्त्रानुसार तो झाडच नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. लोक चिडले, आणि नंतर माडाला ते संरक्षण परत मिळालं.

शास्त्रापुरतं बोलायचं तर पाम हे गवत आणि बांबूच्या बाजूचे आहेत, ही गोष्ट खरी. आंब्याच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी नवं लाकूड घालतो आणि खोड जाड होत जातं. पामला तो थरच नाही. पाम आधी जमिनीलगत आपली पूर्ण रुंदी कमावतो आणि मग वर चढतो, जसा इमारतीचा पाया आधी पुरा होतो आणि नंतर मजले चढतात. म्हणून चाळीस वर्षांच्या माडाला वेढा घालायला तरुण माडाइतकेच हात लागतात. पण यावरून त्याला कमी संरक्षण द्यावं हे कुठून निघतं, ते मला आजही कळलेलं नाही. उलट, याच रचनेमुळे तो जास्त नाजूक आहे. खोडावर झालेली जखम पाम कधी भरून काढत नाही. सणासुदीला दिव्यांच्या माळांसाठी ठोकलेले खिळे त्याच्या अंगात जन्मभर राहतात. शिवाय वाढणारा कोंब एकच, शेंड्यात. बहुतेक पाम शेंडा गेला की संपले. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांना कोकणातला बागायतदार इतका का घाबरतो, ते यावरून कळेल.

छप्पर की पन्हळ?

पाम ओळखायला चार प्रश्न पुरतात.

पहिला, झावळी पिसासारखी की पंख्यासारखी? नारळ पिसाचा, ताड पंख्याचा. दोन्हींत न बसणारा एकच गट आहे, ज्याच्या पर्णिका माशाच्या शेपटीसारख्या फाटलेल्या असतात. हा आपला भेरली माड, ज्याला सुरमाडही म्हणतात. सह्याद्रीतला अस्सल रहिवासी. त्याच्या फुलोऱ्याच्या लांब जटा लोंबतात, पहिली वरच्या टोकाला येते, पुढच्या खाली खाली उतरत जातात, आणि सगळ्यात खालची पिकली की ते खोड मरतं. त्याची फळं हातात घेऊ नका, भयंकर खाजतात.

दुसरा प्रश्न माझा सगळ्यात आवडता. पिसाच्या झावळीची एक पर्णिका मुळाशी, जिथे ती मधल्या दांड्याला चिकटते तिथे बघा. ती कौलारू छपरासारखी दोन्हीकडे उतरती आहे, की पागोळ्यांखालच्या पन्हळीसारखी वर उघडी? पावसाचं पाणी ओघळून जाईल की साठेल, असं मनात धरा. नारळ, पोफळ, रॉयल पाम सगळे छपराचे. पन्हळीचा, पिसासारख्या झावळीचा पाम आपल्याकडे नेहमी दिसतो तो खजुराच्या घराण्यातला. आपली शिंदी त्यातलीच. शिवाय तिच्या बुडाकडच्या पर्णिकांचे काटे झालेले असतात, त्यामुळे हात जरा जपूनच घालावा.

तिसरा, झावळ्यांच्या खाली खोडाच्या टोकावर गुळगुळीत हिरवा नळा आहे का? पानांचे तळ एकमेकांना घट्ट गुंडाळून तो तयार होतो. पोफळीची गळून पडलेली विरी म्हणजे या नळ्याचाच एक पदर. आजोळी आम्ही तिच्यावर एकाला बसवून दुसऱ्याने अंगणभर ओढायचं, हा सुट्टीतला ठरलेला खेळ. पोफळीला नळा असतो, नारळाला, ताडाला, शिंदीला नसतो.

चौथा, खोड एकटं की बेटाने? दिवाणखान्यातल्या कुंडीत 'अरेका पाम' म्हणून असतो तो बेटाने वाढणारा, पिवळसर देठांचा, मादागास्करचा. खरी अरेका म्हणजे आपली पोफळ, एकट्या सडपातळ खोडाची.

'बॉटल पाम' म्हणून काय लावलं?

आमच्या सोसायटीने कितीतरी वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून सहा 'बॉटल पाम' आणले आणि कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर लावले. बुटके राहतील, शोभा देतील, असं सांगितलं होतं. आज त्यांतले पाच चौथ्या मजल्याच्या वर गेलेत. ते रॉयल पाम आहेत, क्यूबाचा राष्ट्रीय वृक्ष. खोड सिमेंटच्या खांबासारखं करडं, मध्यावर किंचित फुगीर, वर हिरवागार नळा. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. त्याचा फुगवटा अगदी तळाशी असतो, डोक्यावर मोजक्याच झावळ्या, आणि तो फार सावकाश वाढून साधारण तीन मीटरवर थांबतो.

हा नुसता नावाचा वाद नाही. रॉयल पामची एक झावळी तीन-चार मीटर लांब, वजन सहज दहा किलोच्या वर, आणि ती पिकली की आपोआप सुटून पडते. आमच्याकडे एक स्कूटरवर पडली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. झाडाचा काही दोष नाही, त्याला मोकळी जागा हवी होती, आणि आम्ही त्याला वाहनतळाच्या डोक्यावर उभं केलं. रोप घेताना फुगवटा तळाला आहे की नाही हेही बघून चालत नाही, कारण कोवळा रॉयल पामही तळाशी फुगीर असतो. पानांच्या पर्णिका बघा. बॉटल पामच्या दोन ताठ ओळींत, वर उचललेल्या. रॉयलच्या अनेक दिशांना विस्कटलेल्या.

हल्ली नव्या संकुलांत फॉक्सटेल पाम दिसतो, झावळी कोल्ह्याच्या झुबकेदार शेपटीसारखी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या एका दुर्गम टोकावर तो वाढतो, आणि शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं १९८३ मध्ये. चाळीस-बेचाळीस वर्षांत तिथून आपल्या फाटकापर्यंत.

नावात पाम, कुळात नाही

दोन झाडं पाम नसून पाम म्हणून विकली जातात. मोरपिसाऱ्यासारखा एकाच पातळीत पसरलेला 'ट्रॅव्हलर्स पाम' केळीच्या गोतावळ्यातला आहे. पान फाटलेल्या केळीच्या पानासारखंच दिसतं, तेवढ्यावरून ओळखावा.

दुसरा 'सागो पाम', आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तो सायकस आहे, पामपेक्षा देवदार-पाइनच्या बाजूचा म्हणावा असा फार प्राचीन गट. नवी पानं नेच्याच्या पानासारखी गुंडाळीतून उलगडतात, त्यावरून लगेच कळतो. तो सगळाच विषारी आहे आणि बिया सर्वांत जास्त. कुत्र्याने एखादी चघळली तरी यकृत निकामी होऊ शकतं. घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर हे झाड त्यांच्या आवाक्यात ठेवू नका. नावामुळे साबुदाण्याशी संबंध जोडू नका. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका खऱ्या पामच्या गाभ्यातून निघतो, आणि आपण उपासाला खातो तो तमिळनाडूतल्या टॅपिओका कंदाचा.

फोन सांगतोच की!

सांगतो, आणि मीही वापरते. पण ॲपला आपण काय दाखवतो यावर सगळं आहे. लांबून काढलेला गुलाबी ढगाचा फोटो दिला तर तेही चेरी म्हणून मोकळं होईल. पानाचा फोटो काढताना देठ फांदीला चिकटतो ती जागा दिसू द्या. दुसरा फोटो खोडाचा, तिसरा शेंगेचा. पामचा असेल तर शेंड्याखालचा नळा आणि पर्णिकेचं बूड. मग उत्तर पुष्कळ नेमकं येतं, आणि चुकलं तर ते चुकलंय हे आपल्याला कळतं.

परदेशी झाडं मग काढून टाकायची?

हा प्रश्न दर वेळी येतो. चाळीस वर्षं सावली दिलेला गुलमोहर मादागास्करचा म्हणून तोडावा, असं मला मुळीच वाटत नाही. नवं लावताना मात्र विचार करावा. जिथे ताम्हण, बहावा, पांगारा, सीताअशोक सहज वाढतात, तिथे तेच आधी लावावेत. इथल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची त्यांच्याशी जुनी ओळख आहे.

आणि तोडायची वेळ आलीच, तर ओळख आणखी कामाला येते. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलंय. तोडणीच्या प्रस्तावात झाडांची नावं दिलेली असतात आणि नागरिकांना हरकत घेता येते. यादीत नुसतं 'अशोक' लिहिलं असेल तर कागद हातात घेऊन त्या झाडापाशी जा आणि पान साधं आहे की संयुक्त ते बघा. संयुक्त असेल तर त्याच दिवशी हरकतीचा अर्ज लिहायला बसा.